उत्तरेकडे फिरवलेली बंडी

मी मोतीरामची बंडी बोलतेय. शहरात मला बैलगाडी म्हणतील. चार वर्षे लोक माझ्याविषयी बोलत राहिले, पण मला कोणी काही विचारले नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म साखरखेर्ड्याचा. भागवत सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. मोतीराम रोज त्याच्या पडवीत येऊन बसायचा आणि म्हणायचा, "भागवतदादा, बसाची जागा जरा रुंद ठेव. आमच्या अन्नपूर्णेले पाय लांब कराले आवडते."

बायकोच्या पायांचा विचार करणारा मालक मिळाला, तेव्हाच मी सुखावले.

पुढे कितीतरी वर्षे मी त्याची वांगी आणि मेथी बीबीच्या बाजारात नेली. आमच्या गावापासून बीबी सरळ दक्षिणेला आहे. मोतीराम वाटभर बैलांशी गप्पा मारायचा आणि रस्त्याची डावी कड कधी सोडायचा नाही.

त्या दिवशी नुकते उजाडले होते. मागून एक पिकअप गाडी भरधाव आली आणि माझ्या पाठीवर आदळली. मागची फळी फुटली. बैलांना जुवाला बांधणारे दोर तुटून बैल शेतात पळाले, त्यांना खरचटलेसुद्धा नाही. मी उलटले आणि मोतीरामचा पाय माझ्याच चाकाखाली आला. त्याला वाचवायचे सोडून मीच त्याच्यावर पडले होते.

शेताशेतांतून माणसे धावली. त्यांनी आधी मोतीरामला उचलले आणि दवाखान्यात नेले. हे त्यांनी फार चांगले केले. मग मोतीरामची शेजारीण झुंबरबाई आपल्या शेतातून येऊन माझ्याकडे पाहत उभी राहिली. माझे तोंड दक्षिणेकडे होते. आमच्याकडे बंडी तशी उभी ठेवत नाहीत. ती यमाची दिशा.

"अबे, पाह्यता काय?" ती गड्यांवर ओरडली. "फिरवा तिले! मोत्याले घरी वापस याचं हाय!"

चार गड्यांनी मला सरळ केले आणि जागच्या जागी उत्तरेकडे फिरवले. त्यात मायाच होती.

नंतर पोलीस आले. त्यांना दिसले तेच त्यांनी पंचनाम्यात लिहिले: बंडी रस्त्याच्या पूर्व कडेला, तोंड उत्तरेकडे. पिकअपवाल्याला तेवढेच पुरले. तो म्हणाला, "मी बीबीकडे आपल्या बाजूने चाललो होतो. बंडीच चुकीच्या बाजूने समोरून आली. बैल बुजले, बंडी आडवी झाली, म्हणून मागचा भाग लागला."

मोतीरामचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याने भरपाईचा दावा केला, तर विमा कंपनी म्हणाली, चूक त्याचीच आहे. त्याला धडक आठवतच नव्हती. चहावाला उत्तमराव थट्टेने म्हणायचा, "काऊन बे मोत्या, अर्ध्या वाटेतून घरी फिरला होतास काय? अन्नपूर्णेची याद आली असंल!"

लोक हसायचे. मोतीराम कुबड्यांवर माझ्याजवळ यायचा. एकदा माझ्या जुवावर हात ठेवून त्याने हळूच विचारले, "खरंच फिरलो होतो काय वं मी? माह्याच हातानं पाय घालवला काय?"

मला वाचा नव्हती. पाय गेल्याचे दुःख त्याने सोसले होते. ही शंका मात्र त्याला आतून खात होती.

मग चौथ्या वर्षी त्याची वकीलबाई, प्रेरणाताई, मला पाहायला आली. तिला माझ्या फुटक्या पाठीचा फोटो हवा होता. ती म्हणाली, "काका बीबीला चालले होते ना? मग तशीच उभी करा हिला, बीबीकडे तोंड करून."

गड्यांनी मला वळवायला सुरुवात केली, तोच झुंबरबाई हातातला विळा टाकून धावली. "थांब वं बाई! दक्षिणेले तोंड करतात काय बंडीचं? त्या दिवशीबी मलेच फिरवा लागली!"

प्रेरणाताई गर्रकन तिच्याकडे वळली. "कोणत्या दिवशी, आजी?"

"मोत्या पडला त्या दिवशी."

"अहो, मग हे कोणाला सांगितलं का नाही?"

"कोणी पुसलंच नाही! अन त्यात सांगाचं काय? पडलेल्या बंडीचं तोंड सारेच फिरवतात."

अन्नपूर्णाबाई आधी हसली, मग पदरात तोंड घालून रडली. मोतीरामने पुन्हा माझ्या जुवावर हात ठेवला.

कोर्टात मी नव्हते. पण झुंबरबाईने तो दिवस माझ्यावर बसून इतक्यांदा सांगितला आहे की मला तो पाठ झाला.

कंपनीचा वकील म्हणाला, "आजी, तुम्ही पुरावा हलवलात, कळतं का?"

"पुरावा नाही साहेब, बंडी हलवली."

"शेजाऱ्यासाठी खोटं बोलताय तुम्ही."

"खोटं बोलाचं असतं त पह्यल्याच तारखेले आली असती. इतकी वर्सं घरी काऊन बसली असती?"

चारही गड्यांनी स्वतंत्रपणे तेच सांगितले. मग न्यायाधीशांनी पिकअपवाल्याला विचारले, "बंडी समोरून येऊन आडवी झाली, तर आधी बैल नाहीतर बंडीची बाजू लागायला हवी होती. बैलांना खरचटलंही नाही आणि फुटली ती मागची फळी, हे कसं?"

निकाल लागला. चूक पूर्णपणे पिकअप चालवणाऱ्याची होती. भरपाईही मंजूर झाली. पण मोतीराम प्रेरणाताईला एवढेच म्हणाला, "ताई, माही चूक नाही असं लिव्हलं हाय, ते वाक्य आणखी एकडाव वाचून दाखव."

तिने वाचले. त्याने पुन्हा वाचायला लावले.

आता माझी मागची फळी नवी आहे आणि मोतीरामचा एक पाय नवा आहे. तो पहिल्यांदा माझ्यावर चढला तेव्हा गावाने हलगी वाजवली. झुंबरबाई नवरीच्या मायसारखी मिरवत शेजारी बसली. उत्तमराव दुकानाबाहेर येऊन म्हणाला, "मोतीरामभाऊ, चहा घेऊन जा." उत्तमरावच्या तोंडून मोतीरामसाठी 'भाऊ' मी पहिल्यांदाच ऐकले.

"वापस येताना घेतो," मोतीराम म्हणाला. "आज बैलं थांबत नाहीत बे!"

बाबांनो, रस्त्यात कोणी पडले तर आधी माणूस उचला. उरलेले जसे असेल तसे राहू द्या. आणि मायेपोटी काही हलवलेच, तर कोणी विचारायची वाट पाहू नका, आपणहून सांगा. तुम्हाला साधी वाटणारी गोष्ट एखाद्याची झोप परत आणते.

मोतीरामने कासरा सैल सोडला आहे. वांगी ताजी आहेत, बाजार भरत आलाय. चला, निघते मी, रस्त्याच्या डाव्या कडेने, ताठ मानेने.