भाऊजींचं फोल्डर

माझा नवरा आणि मी एकमेकांना मारून पोट भरतो. सिनेमात नायिका गुंडाच्या पोटात लाथ घालते ना, ती लाथ माझी असते आणि पोट माझ्या नवऱ्याचं. मी नायिकेचा टोप घालते, तो गुंडाचं जाकीट चढवतो, आणि आम्ही जिन्यावरून, टेबलावरून, गाडीच्या टपावरून एकमेकांना फेकतो. लोक विचारतात, तुमचं घरात भांडण झालं तर काय करता? मी सांगते, कामावर जातो.

आमच्या मारामारीच्या मास्तरांची एक पद्धत आहे. तालमीत जे ठरेल ते फोनवर चित्रित करायचं आणि सगळ्या टोळीच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकायचं. काही बदललं, तर नवा व्हिडिओ त्याच नावाने जुन्याच्या जागी चढवायचा. "जुनं शिल्लकच ठेवायचं नाही, म्हणजे घोटाळा नको," असं मास्तर छातीवर हात मारून सांगायचे. सेटवर तोंडी विचारायला गेलं की खेकसायचे, "फोल्डर बघा. तोंड चालवू नका, हात चालवा." पद्धत चांगली होती. नवा व्हिडिओ आपल्यापर्यंत पोचत असेल तर.

आता जागेचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ही जी फायली ठेवायची इंटरनेटवरची सोय असते, तिथे प्रत्येकाला ठरावीक जागा मिळते. कुणी आपलं फोल्डर आपल्याशी शेअर केलं की आपल्याला वाटतं, सामान त्याचं, जागाही त्याचीच भरणार. काही कंपन्यांत तसं असतंही. आमची सोय मात्र तशी नव्हती. आमच्यात ते फोल्डर ज्याच्या ज्याच्याकडे आहे, त्या प्रत्येकाच्या जागेत पूर्णच्या पूर्ण धरलं जायचं. एका ताटात दहा जण जेवले आणि दहाही जणांच्या पोटात अख्खं ताट गेलं, असला हिशेब. आणि आपलं पोट भरलं की नंतर कुणी काहीही वाढलं तरी आपल्यापर्यंत येत नाही.

माझ्या नवऱ्याचं पोट भरलं होतं ते त्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या भाऊजींनी.

भाऊजींचा धंदा इमारती पाडण्याचा. जुनी घरं, बंद कारखाने, जे सांगाल ते जमीनदोस्त. त्यांना त्याची भारी हौस. प्रत्येक इमारत पडताना तीन-तीन बाजूंनी कॅमेरे लावायचे आणि ते सगळं जसंच्या तसं फोल्डरमध्ये टाकून धाकट्या भावाला शेअर करायचे. भिंतीला घण बसतोय, छप्पर पोटात घुसतंय, धुळीचा लोट उठतोय. आम्ही कपाळमोक्ष होताना वाचायचं कसं ते शिकणारी माणसं, आणि आमच्या फोनात रोज नवं घर कोसळायचं. मी म्हणायचे, "अरे, हे काढून टाक." तो म्हणायचा, "दादाचं आहे, राहू दे."

एकदा काढलं होतं त्याने. फोन अडतो म्हणून एका गिरणीचा व्हिडिओ पुसला. त्याला वाटलं, आपल्याकडचाच गेला. सामाईक फोल्डरमधलं पुसलं की ते सगळ्यांकडून जातं, हे त्याला कुठे माहीत! भाऊजी त्याच दुपारी घरी आले, चपलाही न काढता आत शिरले, आणि जेवत्या ताटावरून उठवून त्याच्या थोबाडीत दिली. "तुझ्याकडचं पुसलंस म्हणतोस, मग माझ्याकडचं कसं गेलं? आणि माझ्या जागेत ठेवतो मी, तुझं काय जातंय?" व्हिडिओ नंतर फोल्डरच्या कचऱ्याच्या डब्यातून परत मिळाला. माझ्या नवऱ्याच्या गालावर बोटं मात्र दोन दिवस दिसत होती. गाडीच्या काचेतून आरपार जाणारा माणूस, भावापुढे मान खाली घालून उभा. बाप गेल्यावर भावानेच वाढवलं ना, मग काय बोलणार! तेव्हापासून तो भाऊजींच्या फोल्डरला हात लावेना. त्यातून बाहेर पडायचंही नाव नको. "बाहेर पडलो की दादाला तसा निरोप जातो. त्याला वाटेल, मी त्याच्याशी संबंध तोडला." मग जागा करायला त्याने स्वतःचं सामान पुसायला घेतलं. स्वतःच्या पहिल्या उड्या पुसल्या, आमच्या लग्नाची चित्रफीत पुसली. फोनवर पिवळी पट्टी यायची, जागा संपली म्हणून. तो ती माशी उडवल्यासारखी बाजूला सारायचा. मला राग यायचा, पण एवढा नाही. आता येतो.

त्या दिवशी गोदामातली मारामारी होती. ठरलं होतं असं: मी दांडा डोक्याच्या उंचीवर फिरवायचा, त्याने खटकन खाली बसायचं, दांडा त्याच्या डोक्यावरून जाणार. आठवडाभर आम्ही तेच घोटलं होतं. पण सकाळी कॅमेरावाल्याने कॅमेरा जमिनीवर ठेवला आणि वरच्या फटक्यात माझा चेहरा दिसायला लागला. नायिकेऐवजी मी दिसून कसं चालेल? मास्तरांनी तिथल्या तिथे बदल केला. दांडा आता खालून, गुडघ्यांवर फिरवायचा, आणि गुंडाने उडी मारायची. दोन पोरांना उभं करून त्यांनी नवा व्हिडिओ काढला, फोल्डरमध्ये टाकला. मी मेकअपच्या खुर्चीत बसून तो पाहिला. नवरा बाहेर गाडीत बसून पाहत होता. नाव तेच, पण फोनात उतरलेला व्हिडिओ मागच्या आठवड्यातला.

आम्ही एरवी रबरी दांडा वापरतो. मास्तर माझ्या खुर्चीपाशी येऊन म्हणाले, "रबर खालून लुळं दिसतं. खरा लाकडी घे. पायांखालनं जायचाय, कुणाला लागतोय?"

प्रत्येक फटक्याआधी एक सावकाश फेरी होते. ताल मोजत, हात हळू हळू फिरवत. त्या दिवशी ती झाली नाही. धुराचं यंत्र लावलेलं, गोदाम धुराने भरलेलं, आणि दिग्दर्शक बोंबलत होता, "धूर निघून जातोय! घ्या लवकर!" मास्तर आमच्याकडे बघून हसले. "तुम्हाला कशाला हवीय सावकाश फेरी? नवराबायको आहात. एकमेकांचं माप झोपेतही माहितीय तुम्हाला."

सगळे हसले. मीही हसले.

मी धुरातून ओरडले, "आजचं पाहिलंस ना?"

"पाहिलं की!" तो म्हणाला.

मग मी फिरवला. अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं घालून फिरवला, कारण तो उडी मारणार होता आणि दांडा रिकाम्या हवेतून जाणार होता. आमच्या धंद्यात हात राखून मारलं की ते पडद्यावर खोटं दिसतं. मी हात राखला नाही. आणि तो खाली बसला. खटकन, अगदी घोटल्यासारखा, जिथे दांडा येत होता तिथेच डोकं आणून.

आवाज कसा झाला ते मी सांगणार नाही. दांड्यातून तो माझ्या खांद्यापर्यंत आला एवढं सांगते. तो आडवा झाला, एक पाय अंगाखाली दुमडलेला. पडताना आम्ही हात आधी टेकवतो, त्याने टेकवला नाही. त्यावरून मला कळलं.

दिग्दर्शकाला कळलं नाही. तो ओरडला, "वा! काय घेतलंय! वा!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! माझ्या नवऱ्याच्या कानातून रक्त जमिनीवर उतरत होतं आणि ती माणसं टाळ्या पिटत होती. मी टोप काढून फेकला. मग एकेक टाळी थांबली.

इस्पितळात त्याला आत नेलं. त्याचं जाकीट, बूट आणि फोन एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कवटीला तडा आहे. आत रक्त साकळलंय का बघतोय. वाचेल की नाही, आत्ता सांगत नाही." तो मेला तर मी त्याला मारलेलं असणार होतं. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

मास्तर बाकावर बसून तेच तेच बोलत होते. "मी सकाळीच टाकला होता. सगळ्यांना पोचला. यालाच कसा नाही? नीट बघितलाच नसणार."

"तो न बघता उभा राहतो का हो कधी?" मी म्हणाले.

तेवढ्यात भाऊजी आले. सरळ कामावरून, धुळीने पांढरे. त्यांनी मास्तरांकडे पाहिलंही नाही. "तू मारलंस त्याला?"

"हो."

त्यांनी माझे केस धरले आणि मला भिंतीवर आपटलं. मग थप्पड मारली, मग दुसरी. हजारो खोट्या थपडा मी खाल्ल्यात, त्या कधी येणार हे आधी कळतं. ही कळली नाही. ओठ फुटला. मास्तर मध्ये पडले तर त्यांना कोपराने बाजूला उडवलं. "काय घोडं मारलं होतं त्यानं तुझं? पोरासारखा वाढवला मी! पोरासारखा! सांग, का मारलंस?"

"तो बसला म्हणून!" मी किंचाळले. "उडी मारायची होती, तो बसला!"

"का बसला?"

खरा प्रश्न तोच होता. मी पिशवीतून फोन काढला. त्याच्या कुलुपाचा आकडा मला माहीत आहे. फोल्डर उघडलं. व्हिडिओ होता, नाव बरोबर. लावला तर मागच्या आठवड्यातला. दांडा वरून येतोय, माणूस खाली बसतोय. आणि पडद्याच्या वरच्या कडेला ती पिवळी पट्टी: जागा संपली आहे, नवीन फायली उतरणार नाहीत.

मी त्या पट्टीवर बोट ठेवलं. कुणी किती जागा खाल्लीय त्याची रंगीत आडवी रेघ उघडली. मास्तरांच्या फोल्डरचा एवढासा तुकडा होता. त्याच्या स्वतःच्या सामानाचा तर दिसेल न दिसेल असा, पुसून पुसून राहिला होता तेवढा. बाकी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाची होती आणि तिच्याखाली भाऊजींच्या फोल्डरचं नाव होतं.

मी फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. "बघा. तुमच्या पडक्या घरांनी त्याची जागा भरली. म्हणून सकाळचा व्हिडिओ त्याला आला नाही. म्हणून तो बसला."

"त्याची जागा कशी भरेल?" भाऊजी म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मी माझ्या जागेत ठेवतो. त्याचं काय जातं?"

त्यांनी हे शब्द त्या दिवशी बोलायला नको होते. माझी मूठ कधी वळली मला ठाऊक नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खरोखर मारलं. आधी तोंडावर. मग ते वाकले तेव्हा कानावर, नवऱ्याचं रक्त आलं त्याच बाजूच्या कानावर, मुद्दाम. दात माझ्या बोटात घुसला. ते खाली पडले तर मी बरगडीत लाथ घातली आणि म्हणाले, "हे जातं. हे जातं त्याचं!" दोन नर्स आणि मास्तर मिळून मला ओढत होते. मला आवडत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

भाऊजींनी हात उचलला नाही. भिंतीला टेकून बसून राहिले, हनुवटीवरून रक्त सदऱ्यावर गळत होतं. मी त्यांच्या देखत फोल्डरमधून बाहेर पडायचं बटण दाबलं. फोनने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. रेघ झटक्यात रिकामी झाली. जरा वेळाने फोन थरथरला, आणि सकाळचा व्हिडिओ उतरला. मघाचा जुना उघडाच होता, त्याच्या जागी तो आपोआप सुरू झाला. मास्तरांचा आवाज सगळ्या वऱ्हांड्यात घुमला: "आता बसायचं नाही! उडी मारायची! कळलं का सगळ्यांना? जो बसेल तो मरेल!" आणि पोरं हसत होती.

मास्तर उठून बाहेर गेले. भाऊजींनी दोन्ही तळवे तोंडावर घेतले आणि ते ढसाढसा रडायला लागले. मला त्यांची दया आली नाही. अजून येत नाही.

तो वाचला. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, तो कान गेला, आणि तोल किती परत येईल ते बघावं लागेल. मला त्याचं काही नव्हतं. उड्या गेल्या खड्ड्यात. माणूस श्वास घेत होता, पाणी मागत होता, मला नावाने हाक मारत होता. मी इतकी हसत होते की नर्सने मला गप्प केलं.

मी त्याला झाला प्रकार सांगितला. व्हिडिओचा, जागेचा, भाऊजींच्या फोल्डरचा. त्याने सगळं ऐकलं. "तुझी काय चूक त्यात?" म्हणाला. "मी पाहिलं म्हणालो, तू मारलंस. बरोबरच मारलंस." वर हसून म्हणाला, "फटका मात्र एक नंबर होता हं."

उशी खाली घसरली होती. ती नीट करावी म्हणून मी हात वर उचलला.

त्याने मान खांद्यात ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. सलाईनची सुई निसटली.

"अरे, मीच आहे," मी त्याच्या चांगल्या कानाशी म्हणाले.

"माहितीय," तो म्हणाला. हात काही त्याने डोक्यावरून काढले नाहीत.