फुंकरबाबांची पांढरी पूड

फुंकरबाबांच्या दारात माणसं तोंड वासून उभी होती; कौतुकाने, आणि बाबांच्या हुकुमानेही. "तोंड उघड, संशय आपोआप बाहेर पडेल!" असं गरजून बाबा घशात फुंकर मारत आणि जिभेवर चिमूटभर पांढरी पूड टाकत. दोनेक दिवसांत जिभेवरचा बुरशीचा थर गायब. मग काय, गर्दीला उधाण!

त्या गर्दीत अण्णांना धरून त्यांची लेक उभी असायची. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रोग्यांच्या तोंडातली बुरशी काचेच्या बशीत वाढवायची आणि कुठल्या औषधाने ती मरते ते पाहायचं, हे तिचं रोजचं काम.

"अगं, पुडीत काय आहे ते बघ तरी," मधुमेही अण्णा म्हणाले होते.

"गुण येतोय ना? मग कशाला चिकित्सा?"

वर्षभर तेच चाललं. थर आला की चिमूट, गेला की बंद. मग एकदा थर हटेचना. "श्रद्धा पातळ झाली," बाबांनी निदान केलं. अण्णांना थुंकीही गिळवेना, तेव्हा कुठे इस्पितळ गाठलं.

"बाहेरचं काही औषध चालू होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे!" लेक म्हणाली. आपल्याच इस्पितळात बाबांचं नाव घ्यायची तिला लाज वाटली. नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि अण्णा खंगत गेले.

शेवटी तिने उरलेली पूड दोन बशांत टाकली. पहिलीत साधी बुरशी होती. पुडीभोवती ती साफ मेली. चमत्कार कसला, बाबांनी बुरशी मारायच्या गोळ्याच कुटल्या होत्या! दुसरीत अण्णांच्या तोंडातली बुरशी होती, ती पुडीला खेटून फोफावली होती. अर्धवट औषधाने दुबळी बुरशी मेली, चिवट तेवढी उरली आणि माजली. इस्पितळातल्या गोळ्याही त्याच औषधाच्या होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, मी खोटं बोलले," तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. औषध बदललं.

मग बशांचे फोटो घेऊन ती बाबांच्या दारात गेली.

"श्रद्धा बशीत मोजतात होय?" बाबा हसले.

"श्रद्धा नाही, औषध मोजतात."

"शिकलेली तू, तूच बापाला आणायचीस ना?" गर्दीतून एक बाई ओरडली.

"हो, मीच आणायचे," ती खाली मान घालून म्हणाली. "तपासता येत होतं, तरी तपासलं नाही. तुम्ही तरी जिभेवर काही घेण्याआधी विचारा, यात काय आहे? आणि डॉक्टरांनी विचारलं तर लाजू नका. माझ्या लाजेपायी अण्णा अजून नळीने जेवताहेत."