पाण्याची पाळी

लीलाधर बाभळीच्या काट्याने एकेका वांग्याला टोचे मारत होता. देठापासून बुडापर्यंत चार-पाच टोचे, मग तेलाचा हात, मग वांगं पलीकडच्या टोपलीत. उन्हं अजून विहिरीवर आली नव्हती आणि मळ्यात दुसरं कोणी नव्हतं. आई असताना एकदा न टोचलेलं वांगं विस्तवात फुटलं होतं आणि आतला कढता गर तिच्या हातावर उडाला होता. तेव्हापासून हे काम लीलाधरने स्वतःकडे घेतलं ते घेतलंच. भरीत खाणाऱ्यांना वांगी भाजताना दिसतात, ठेचताना दिसतात. टोचे कोणाला दिसत नाहीत. तेलाच्या हातानंतर ती भोकं बुजल्यासारखी होतात.

आज मळ्यात भरीताचं जेवण होतं. थोरला भाऊ चुडामण नैरोबीहून सुट्टीवर आला होता आणि परवा बोदवडहून गाडी धरून मुंबईला, तिथून बोटीने परत निघणार होता. या वेळी तो एकटा जाणार नव्हता. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ओट्यावर वर्तमानपत्र वाचता वाचता तो म्हणाला होता, "एक माणूस नेतोय या खेपेला. परमिट झालं."

लीलाधरने कोण म्हणून विचारलं नाही. विचारायचं काय त्यात! वडील गेले त्या साली, याच विहिरीच्या काठावर, दोघा भावांचं ठरलं होतं. आधी चुडामणने जायचं, बस्तान बसवायचं. मग त्याने लीलाधरला न्यायचं. "माझी पाळी झाली की तुझी," असं चुडामण म्हणाला होता, आणि पाळीचा अर्थ दोघांनाही एकच माहीत होता. या विहिरीवर त्यांचं आणि चुलत्यांचं पाणी सामायिक होतं. ज्याची पाळी संपली त्याने स्वतः फावडं घेऊन पाट मोडायचा आणि पाणी दुसऱ्याच्या केळीकडे लावून द्यायचं, मग घरी जायचं. पाळी मागायला कोणी कोणाच्या दारात गेल्याचं त्या घराण्यात घडलं नव्हतं. मागणं म्हणजे भावाच्या इमानावर संशय घेणं. म्हणून इतक्या वर्षांत लीलाधरने एका अक्षराने मागितलं नाही.

तयारी मात्र त्याने चालू ठेवली होती. मागच्या सुट्टीत चुडामणच्या तोंडून ऐकलेले तिकडचे शब्द त्याने पाठ केले होते. पाण्याला माजी, विस्तवाला मोटो, लवकर म्हणजे हारका. बोलायला गावात दुसरं कोण मिळणार? तो बैलांशी बोलायचा. जामनेरच्या बाजाराला जाताना तो गाडीवरून "हारका! हारका!" ओरडायचा आणि बैलही बिचारे पळायचे. बायको, बेबाबाई, पदर तोंडाला लावून हसायची. पण तिनेही जळगावहून कोटाचं कापड आणवून शिवून घेतलं होतं आणि तांब्यात निखारे घालून तो कोटावरून दोनदा फिरवला होता. शेजारच्या अभिमनला लीलाधरने केळीची बाग निम्म्याने कसायला देण्याचा शब्द दिला होता. चुडामणला एवढंच सांगितलं होतं की बागेचा घोर करू नका, सोय लावली आहे. चुडामणने वर्तमानपत्राआडून "हं" केलं होतं.

दुपारपर्यंत आंब्याखाली सतरंज्या पडल्या. चुडामणचे तिकडचे दोन सोबती आले होते. मोतीलाल जामनेरचा, त्याचं नैरोबीत कापडाचं दुकान; शालिग्राम मास्तर मूळचे धुळ्याचे, तिथल्या शाळेत शिकवायचे. तिघे एकाच बोटीने निघणार होते. चुडामणचा मेहुणा भाईदास, त्याच्या बायकोचा, प्रमिलाबाईचा, भाऊ, कालच धुळ्याकडच्या आपल्या गावाहून दाजींना निरोप द्यायला येऊन राहिला होता. गावातली आणखी चार माणसं कडेला बसली होती.

लीलाधरने कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग पेटवला आणि वांगी लावली. तिकडे आंब्याखाली जग पेटलं.

"सुवेझचा कालवा त्यांच्या देशातला, त्यांच्या माणसांनी खणलेला," चुडामण म्हणाला. "मिसरवाल्यांनी ताब्यात घेतला तर साहेबाच्या पोटात का दुखावं?"

"पोटात दुखतं, कारण जेवण तिथूनच येतं," मोतीलाल म्हणाला. "आणि कालवा बंद पडल्यापासून माझा माल अडकलाय त्याचं काय? विलायती कापडाच्या गाठी आता अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येणार."

"तुला तुझ्या गाठींची पडलीय!"

"मग कोणाच्या पडणार? तुझ्या?"

शालिग्राम मास्तर मान हलवत होते. त्यांचं दुःख कराचं होतं. तिकडे पगारातून आयकर कापतात, वर आपल्या लोकांना दवाखान्याचा कर वेगळा, शाळेचा वेगळा. गोऱ्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर मात्र चढू देत नाहीत.

"मग इकडंच या ना, मास्तर," कडेचा एक म्हातारा म्हणाला.

"इकडे? इकडेही आता संपत्तीवर कर बसवणार म्हणतात."

"तुमची संपत्ती कोनती?"

सगळे हसले, मास्तरही हसले. या तिघांची एक गंमत लीलाधरने हेरून ठेवली होती. तिकडे असले की यांना खानदेश आठवतो आणि खानदेशात आले की नैरोबीचं थंड वारं, नळाचं पाणी आणि वक्तशीर गाड्या. दोन्हीकडे यांचं काही ना काही राहिलेलंच. मीही असाच होईन, असं मनात येऊन त्याला गंमत वाटली, आणि थोडी भीतीही.

"पोलेपोले, मोतीलाल, पोलेपोले," मास्तर मध्येच म्हणाले.

हळूहळू, हळूहळू! लीलाधरला कळलं. आजूबाजूच्या कोणालाही कळलं नाही, त्याला कळलं. वांगं उलटताना तो एकटाच हसला.

चुडामण आता रंगात आला होता. "मूळ मुद्दा कालव्याचा नाही. साहेबाने करार केला, फौज काढून घेतली, आणि वर्ष फिरायच्या आत विमानं घेऊन परत आला. दिलेला शब्द फिरवला. माणूस काय, राज्य काय, एकदा शब्द दिला की तो पाळायचा असतो. नाहीतर जगात राहिलं काय?"

"खरंय," मास्तर म्हणाले. कडेच्या माणसांनीही माना डोलावल्या. चुडामणला सगळं गाव मानायचं ते काही उगाच नाही. लीलाधरची छाती भरून आली.

"पुरे आता," मोतीलाल म्हणाला. "कर, मारामाऱ्या, गोळीबार! नवा माणूस घाबरून बोटीतून उडी मारील."

सगळ्यांबरोबर लीलाधरही हसला. त्याने मान खाली घातली होती, नव्या नवरदेवाने घालावी तशी.

वांगी सोलून झाली. भाजलेल्या मिरच्या आणि लसूण लाकडी काठवटीत ठेचून त्यावर गर पडला, कांद्याची पात पडली, शेंगदाण्यासकट कडकडीत तेलाची फोडणी पडली. केळीच्या पानांवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. नंतर बराच वेळ जगात कुठे काय चाललंय याची कोणालाच पर्वा राहिली नाही. "असं भरीत तिकडे मेलं तरी मिळत नाही," मोतीलाल तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाला. लीलाधर वाढत होता. तो स्वतः अजून जेवला नव्हता.

जेवणं आटोपली तेव्हा चुडामण उठून उभा राहिला.

"लीला, ताट आन. टोपी-टॉवेल ठेवलाय ना त्यात?"

ताट झोपडीत बेबाबाईजवळ होतं. कुंकू, नारळ, कोरा टॉवेल, पांढरी टोपी; नव्याने परदेशी निघणाऱ्याचा मान. ज्याचा मान त्यानेच ताट धरून न्यायचं, हे जरा वेगळंच. पण घरचंच कार्य, असं म्हणत लीलाधरने हात धुतले, कपाळावरची राख पुसली. बेबाबाईने त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. तिचे डोळे भरले होते.

तो आंब्याखाली येऊन चुडामणसमोर उभा राहिला. ताट दोन्ही हातांत होतं, म्हणून त्याने नुसती मान जरा वाकवली.

चुडामणने ताटातली टोपी उचलली.

"भाईदास," तो म्हणाला, "ये रे, पुढं ये."

भाईदास उठून आला. चुडामणने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. भाईदास सगळ्यांच्या पाया पडला, लीलाधरच्याही पडला. तेव्हा ताट हलू नये म्हणून लीलाधरने ते छातीशी घट्ट धरलं. झोपडीच्या दारात बेबाबाई उभी होती, ती वळून आत गेली.

माणसं पांगल्यावर चुडामण विहिरीच्या काठावर येऊन बसला. लीलाधर काठवट घासत होता. काठवट कधीच स्वच्छ झाली होती.

"प्रमिलानं जीव खाल्ला माह्या," चुडामण म्हणाला. "भाईदासले त्याच्या घरी काही कामधंदा नाही. अन् तू गेल्यावर इकडं कोन पाहीन? तू आहेस म्हनून तर मी तिकडं बिनघोर राह्यतो."

लीलाधरने काठवटीत पुन्हा राख टाकली.

"तुले जायाचंच होतं तर बोलला काहून नाही? एकदा तरी मागायचं होतं."

लीलाधरचा हात थांबला.

"पाळी मागा लागते का, भाऊ?"

चुडामण पाटाकडे बघत राहिला. पाटात पाणी नव्हतं. मग तो धोतर झटकत उठला, दोन पावलं गेला आणि वळला.

"उद्या भाईदासले जरा भरीत शिकव. तिकडं सिगडीवर करीन तो. बठ्ठे जन वाट पाहतात रे भरीताची."

रागावून काही फेकावं, ओरडावं, असं लीलाधरला वाटलं नाही असं नाही. पण आयुष्यभर ज्याच्यापुढे मान वर केली नाही त्याच्यापुढे ती एका संध्याकाळी कशी वर व्हावी?  त्या रात्री बेबाबाईने कोट घडी करून पेटीच्या तळाशी घातला आणि वर गोधड्या रचल्या.

सकाळी तो मळ्यात आला तर बांधावर अभिमन उभा होता.

"ऐकलं मी काल," अभिमन म्हणाला. "तुम्ही काही जात नाही. आपलं बागेचं बोलनं सोडून द्या. माह्यं काही म्हननं नाही."

"शब्द दिलता तुले."

"तुम्ही जानार म्हनून दिलता."

 लीलाधरने मोट जुंपली आणि पाट भरला. मग स्वतः फावडं घेऊन पाट मोडला, पाणी बागेत सोडलं आणि फावडं अभिमनच्या हातात दिलं.  अभिमन पाण्यामागे निघून गेला.

थोड्या वेळाने भाईदास आला. नवी टोपी डोक्यावर होती. पोरगा तसा वाईट नव्हता. कालपासून त्यालाही काहीतरी टोचत असावं, कारण तो नजर चुकवत होता.

"भाऊ, दाजींनी सांगं... माले शिकाडा."

"बस."

कालच्या टोपलीत टोचून तेल लावलेली दोन वांगी उरली होती. लीलाधरने ती विस्तवावर लावली. वांगं कधी फिरवायचं, देठ मऊ झाला की नाही ते कसं बघायचं, साल ओल्या हाताने कशी काढायची, मिरची आधी का ठेचायची, तेल किती तापवायचं, सगळं त्याने सावकाश सांगितलं. भाईदास एकेक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवत होता.

"बठ्ठं ध्यानमा ठेवसू," तो म्हणाला. "अजून काही शे का, भाऊ?"

कालचा काटा लीलाधरच्या सदऱ्याच्या खिशात होता. त्याने खिशावरून हात फिरवला.

"नाही," तो म्हणाला. "एवढंच."

दुसऱ्या दिवशी बोदवड स्टेशनवर त्यानेच ट्रंका चढवल्या, भाईदासची आणि चुडामणची. मोतीलाल आणि मास्तर आधीच खिडक्या धरून बसले होते आणि गाडीला उशीर झाला म्हणून सरकारला नावं ठेवत होते. शिट्टी झाली. चुडामणने खिडकीतून हात बाहेर काढून लीलाधरच्या खांद्यावर ठेवला.

"भाईदासले बठ्ठं सांगितलं ना रे? तिकडं विचाराले कोनी नाही."

लीलाधरने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नजर खाली न घालता पाहिलं.

"बठ्ठं सांगितलं, भाऊ."

गाडी भुसावळच्या दिशेने दिसेनाशी झाली तसा तो बाहेर आला, बैल जुंपले आणि गाडीवर बसला. ‘हारका’ ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. "चला रे," तो म्हणाला. बैलांची ‘चला रे’ची सवय मोडून कितीतरी दिवस झाले होते. ते जागचे हलले नाहीत.