डोळा लावायची काच

"बघून चालत जाय ना, आई!" कल्याण ओसरीतून ओरडला.

झेंडूच्या फुलांची पाटी बेबीनंदाच्या पायाला लागून उलटली होती आणि फुलं अंगणभर झाली होती. पाटी वाटेतच होती, चांगली भलीमोठी होती, पण तिला ती दिसलीच नव्हती. काचबिंदूने तिची नजर चहूबाजूंनी कुरतडत आणली होती. समोरचं दिसायचं, बाजूचं आणि पायाखालचं गेलं होतं. घरात हे सांगून झालं होतं. "थेंब टाकती ना बराबर?" एवढं विचारून घर मोकळं झालं होतं.

"बघूनच चालून राह्यले," ती म्हणाली. "तुम्ही बघून ठेवत जा."

राग पाटीचा नव्हताच. ओसरीत तीन पायांच्या स्टँडवर जे प्रकरण ऐटीत उभं होतं, त्याचा राग होता.

कुंभार पिंपळगावच्या अंगणवाडीत बेबीनंदाने हयात घालवली. लोकांच्या पोरांची नाकं पुसली, वजनं केली, खिचडी शिजवली. निवृत्त झाली तेव्हा कल्याणने मोठ्या तोंडाने विचारलं, "आई, तुला काय पाहिजे ते सांग." साडी मागेल, फार तर पाटल्या मागेल, असं सगळ्यांना वाटलं. तिने दुर्बीण मागितली. नवरा पुंजाराम तर ठसका लागेस्तोवर हसला.

पण ती मागणी उगाच नव्हती. कल्याण नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. गेल्या हिवाळ्यात ती त्याच्याकडे राहायला गेली असताना तिथल्या एका मैदानावर आकाशदर्शन होतं. दोन दुर्बिणी मांडल्या होत्या. एक जाडजूड नळी, बुडाला आरसा, लाकडी बैठकीवर बसवलेली. हाताने ढकलली की फिरायची. दुसरी सडपातळ, स्टँडवरची, मोटारीने आपोआप ताऱ्याच्या मागे सरकणारी. तिला कॅमेरा लावलेला आणि चित्र पडद्यावर. पडद्यापुढे ही गर्दी! बेबीनंदा जाड नळीच्या रांगेत उभी राहिली, तिने डोळा लावला आणि तिला शनी दिसला, बारीक कड्यासकट. तिथल्या तिथे तिने सांगून टाकलं, "कल्याण, मला ही पाहिजे. लाकडी बुडाची."

"हीच घेऊ," तो म्हणाला होता.

आणि काल दसऱ्याच्या सुट्टीला आला तो ही स्टँडवाली घेऊन.

"अगं, त्या नळीत फोटो धड निघत न्हाईत," काल त्याने तिला समजावलं होतं. "आभाळ सरकत राह्यतं. हिला मोटर हाय, ही त्याच्या मागं मागं जाती. आन् तुझ्या डोळ्याला कशाला ताण? मोबाईलवर बघ ना पलंगावर बसून. डोळ्याला दिसतं त्याच्यापेक्षा फोटोत किती तरी जास्त दिसतं."

खोटं नव्हतं त्याचं. फोटोत जास्तच दिसतं. पण विचारायचं एक आणि आणायचं दुसरं, ही या घराची जुनी खोड. तिने शिलाई मशीन मागितलं होतं तेव्हा टीव्ही आला होता. चार दिवस माहेरी जाते म्हणाली होती, तेव्हा माहेरचीच माणसं इकडे जेवायला बोलावली होती आणि त्यांचा स्वयंपाक तिनेच केला होता. वर प्रत्येक वेळी, "बघ, कसं चांगलं केलं!" तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. डोळा माझा, जे काही उरलंय ते माझं, ते कशाला लावायचं हे सांगणारे तुम्ही कोण? कालपासून ती हेच मनात घोळवत होती आणि भांडी आपटत होती.

आज खंडेनवमी. पुंजारामने घरातलं झाडून सगळं लोखंड धुऊन मांडलं होतं. विळे, कुऱ्हाड, पान्हे, विहिरीवरची मोटर. दिवस मावळताना पूजा आटोपत आली. ट्रॅक्टरच्या दोन्ही दिव्यांच्या काचांवर त्याने दरसालच्या रिवाजाने मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. मग ताट घेऊन तो ओसरीवर चढला.

"हे बी अवजारच की," तो भक्तिभावाने म्हणाला, आणि ओल्या अंगठ्याने दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर आधी हळद आणि त्यावर कुंकू चांगलं दाबून लावलं.

"आबा! अहो, काय केलं हे?" कल्याण किंचाळलाच. "लेन्सला कुंकू?"

"ट्रॅक्टरला चालतं, हिला न्हाई चालत? थांब, पुसतो धोतरानं."

"हात नका लावू! चरे पडतील. गेले आता फोटो. संभाजीनगरला न्यावी लागंल साफ करायला." चरफडत त्याने कॅमेरा काढला आणि खोकं पुढे ओढलं.

"ऱ्हाऊ दे तिथंच," बेबीनंदा म्हणाली.

"अगं आई, समोर कुंकू..."

"मला कुंकवाचं नको सांगू. खोक्यात डोळा लावायची काच असंल. काढ."

"काही दिसायचं न्हाई त्याच्यातून."

"काढ म्हन्ले ना!"

हा आवाज त्या घराने ऐकलेला नव्हता. पुंजाराम ताटासकट भिंतीला टेकला. कल्याणने ती काच शोधली. अजून प्लास्टिकमध्येच गुंडाळलेली होती. ती बसवून, खटके सैल करून, त्याने नळीचं तोंड नवमीच्या चंद्राकडे वळवून दिलं.

बेबीनंदा वाकली. कुंकू कुठेच नव्हतं. पुढच्या काचेवर एवढा मोठा टिळा, आणि आत त्याचा मागमूससुद्धा नाही; लांबचं बघणाऱ्या नळीला नाकासमोरचं दिसतच नव्हतं. चंद्र होता. खड्डे होते, उजेडाच्या कडेला डोंगरांची टोकं चमकत होती. तो सरकत निघाला की ती नळी हळूच ढकलायची. तिने मन भरेस्तोवर बघितलं आणि कुणी "बस झालं" म्हणालं नाही.

"बघू," शेवटी कल्याण म्हणाला. ती बाजूला झाली.

"आयला, भारीच की!"

"चंद्राच्या भवताली काय हे?" तिने विचारलं.

"काय न्हाई. काळं."

"समदीकडून?"

"हां, समदीकडून. मधी तेवढं गोल दिसतं. दुर्बिणीत असंच असतं, आई."

"मला समदं असंच दिसतं," बेबीनंदा म्हणाली. तिचा आवाज अजून तापलेलाच होता. "तुझं तोंड, दार, ताटातली भाकर. मधी तेवढं, बाकी काळं. डोळा लावायचीच पाहिजे, असं का म्हन्ले व्हते? हितं मला तुमच्याएवढंच दिसतं."

कल्याणने बराच वेळ डोळा काढला नाही. मग तो खाली उतरला आणि अंगणातली फुलं गोळा करू लागला. भरलेली पाटी त्याने वाटेतून उचलून भिंतीच्या कडेला नेऊन ठेवली.

बेबीनंदाने ते पाहिलं नाही. ती पुन्हा वाकली होती, आणि काचेवरचं कुंकू तसंच होतं.