एकच खेप

"गोकुळे, उलटी थांबली का वं?" तोंडाभोवती दोन्ही हात धरून लहानूनं हाक मारली.

प्राणहितेच्या पल्याडच्या वाळूवरून त्याच्या बायकोचं उत्तर यायला वेळ लागला. "थांबली! पोटात काई राह्यलंच नाई, तं निघन काय?"

तिच्या शेजारची धुरपता ओरडली, "भाऊ, खोटी बोलून राह्यली हे! तिले उठून बसाले होत नाई!"

गावातल्या बाया दरसाल नदीपलीकडच्या राज्यात मिरची तोडायला जात. यंदा रोग आला, सगळं बंद झालं. मालकानं हाकललं, बाया पायी नदीपर्यंत आल्या. तिकडचे पोलीस म्हणाले, तुमच्या राज्यात जा. इकडचे म्हणाले, येऊ नका. मग बायांनी जायचं कुठं? नदीत? रोगानं मरू नये म्हणून माणसं उन्हात मरायला ठेवली होती. परदेशात अडकलेल्यांना आणायला विमानं गेलेली लहानूनं शेजाऱ्याच्या टीव्हीवर पाहिली होती. इथं नदी ओलांडायला एका लाकडी डोंग्याचं काम होतं.

अन् ज्यातून लहानू लोकांना नदीपार करायचा, तो डोंगा वाळूत पडला होता. जमादार गुणवंतरावांनी घाटावरचे सगळे डोंगे वर ओढायला लावून साखळीनं बांधले होते.

"साहेब, काम नसलं का आमी डोंगा गोटे भरून पान्यात बुडवून ठेवतो," लहानूनं तेव्हाच सांगितलं होतं. "उन्हात लाकूड तडकते."

"अन् आमची पाठ फिरली का काढशीन भाईर! वरून आदेश आहे, लहानूभाऊ. मी काय करू?"

एकदा तो डोक्यावर भाताची शिदोरी बांधून पोहत गेला होता. परतल्यावर पाठीवर काठी बसली, ते वळ अजून होते. पण भात पोहत नेता येतो, आजारी बायको पोहत आणता येत नाही.

आज त्यानं गुणवंतरावांचे पायच धरले. "एकटीले आनू द्या. मंग मले आत टाका."

फोन वर गेले, खाली आले. सूर्य पार डोक्यावर आल्यावर परवानगी आली. फक्त आजारी बाई. एकच खेप. उतरल्यावर तपासणी, मग शाळेत वेगळं ठेवायचं.

साखळी सुटली. डोंगा बुडाला मधोमध तडकला होता. लहानूनं अंगावरचा दुपट्टा फाडून फटीत कोंबला आणि डोंगा पाण्यात लोटला.

"हे काय," त्याला पाहून गोकुळा हसायला गेली, "फाटका डोंगा आनला माह्यासाठी?"

"सरकारनं फाडला. चाल."

त्यानं तिला उचललं. वजन असं लागलंच नाही. तिला मागच्या बाजूला टेकवून बसवलं आणि डोंगा हाकला. मधे येईस्तोवर दुपट्टा भिजून ढिला झाला, पाणी आत येऊ लागलं. लग्न झाल्यापासून असंच चालत आलं होतं. तो पुढं वल्हवायचा, ती मागं बसून तेलाच्या कापलेल्या डब्यानं पाणी उपसायची. तिचा हात आपोआप डब्यावर गेला. खळ्ळ. खळ्ळ.

"राहू दे वं."

"तुमी वल्हवा मुकाट्यानं. जगाले तारलं, अन् मले बुडवसान."

खळ्ळ. मग बराच वेळ काही नाही. मग एकदा, हलकंच.

मधल्या धारेत आवाज थांबला. लहानूनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात थांबले असते.

"गोकुळे, उपस वं. झोपू नको."

पाणी त्याच्या घोट्यावर आलं. "उपस ना वं," तो म्हणत राहिला, वल्हवत राहिला.

काठाला दीपाली सिस्टर डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक घालून उभी होती. तिनं लांबूनच हात लांब केला, ताप मोजायचं यंत्र गोकुळेच्या कपाळावर रोखलं, आकडा पाहिला.

"ताप नाही."

"बरं झालं," गुणवंतराव म्हणाले. "उतरव रे तिले."

कोणी उतरलं नाही. सिस्टर एक पाऊल पुढं आली, वाकली, आणि तिचा यंत्राचा हात हळूहळू खाली गेला.

लहानूनं गोकुळेच्या बोटांतून डबा सोडवून घेतला. तिच्या पायांशी बसला आणि काठाला लागलेल्या डोंग्यातलं पाणी उपसू लागला.

पल्याडून धुरपता ओरडत होती, "भाऊऽऽ! पोचली का गोकुळा?"