पट्टीला सगळं आठवतं

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की सुचित्राबाईंनी गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. फुलसावंगीत मी तेव्हा अकरा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवत होते आणि त्या अकरा वर्षांत माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने फिरलं असेल, तर लोकांच्या शोधण्याच्या पद्धतीने.

ब्राउझर उघडला की वर एक लांब पांढरी पट्टी असते. तिथेच प्रश्न लिहावा, एंटर दाबावं, विषय संपला. पण नाही. आमची माणसं त्या पट्टीत आधी गूगल लिहिणार, आलेल्या यादीतून गूगल निवडणार, त्याचं पान उघडायची वाट बघणार आणि मग पानाच्या मधल्या चौकटीत एका बोटाने प्रश्न टाइप करणार. म्हणजे देवळात उभं राहून पुजाऱ्याला देवळाचा पत्ता विचारायचा. मास्तर हेच करायचे, ग्रामसेवक हेच करायचे, आणि वर म्हणायचे, "म्याडम, नेट लय स्लो आहे."

म्हणून माझ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी माउसला हात लावायची बंदी असे. कंट्रोल आणि एल दाबा, पट्टी निळी होते, लिहा. शब्द मोजके लिहा. "मला अशी माहिती पाहिजे की" असं पट्टीला सांगत बसू नका, ती तुमची मावशी नाही. एखाद्याच साइटवर शोधायचं असेल तर साइटचं नाव लिहून टॅब दाबा आणि मग प्रश्न. आणि एकदा शोधलेलं पुन्हा अख्खं लिहू नका. दोन-तीन अक्षरं टाका, बाकीचं पट्टी स्वतः पुढे करते. "पट्टीला सगळं आठवतं," हे मी इतक्यांदा बोलले होते की पोरी मधल्या सुट्टीत माझी नक्कल करायच्या.

या सगळ्यात हुशार विद्यार्थी कोण निघाला, तर नंदकिशोर. बसस्टँडसमोर त्याचं कृषी केंद्र. चाळिशीचा माणूस, पण पंधरा दिवसांत माउस सुटला. तेलंगणातला बियाण्याचा भाव असो की पुसदच्या बसचा टाइम, हा चार सेकंदांत काढायचा. मी त्याचं उदाहरण पुढच्या प्रत्येक बॅचला दिलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच जिभेचा राग येतो.

सतरा सालचा सप्टेंबर. त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्याच्या वर गेला होता आणि बोंडअळीने सगळ्यांची झोप उडवली होती. जो तो फवारत होता. आमचं पाच एकर वावर माझा दीर अवधूत बघतो. फवारणीला नेमसिंग यायचा, तांड्यावरचा, गेली सहा वर्षं आमच्याकडेच. पाठीवर टाकी, नाकाला रुमाल, बास. झाडं उंच, म्हणून नळी वर धरायची, आणि उडालेलं सगळं तोंडावर घ्यायचं.

बुधवारी त्याने फवारलं. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. गुरुवारी पहाटे त्याला पुसदला नेलं आणि तिथून यवतमाळला पाठवलं. सकाळी साडेदहाला मी बॅच घेत होते, तेव्हा त्याच्या बायकोचा, जमनीचा फोन आला.

"बाई, डाक्टर इचारून राह्यले कोन्तं औषध मारलं. लवकर सांगा. त्येले दिसून नाही राह्यलं. मले वळखून नाही राह्यला तो."

मग डॉक्टरांनीच फोन घेतला. तरुण आवाज, दमलेला. म्हणाले, "आतलं रसायन कोणतं ते कळलं पाहिजे. एका गटातलं असेल तर एक इलाज आहे. त्या गटातलं नसेल तर तोच इलाज पेशंटच्या अंगावर येऊ शकतो. मी अंदाजावर किती वेळ ढकलू? बाटली शोधा. अर्ध्या तासात सांगा."

मी बॅच सोडून दिली आणि अवधूतला फोन केला. तो शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, रिकामी बाटली उचलून मोटरसायकलवर दहा मिनिटांत आला. बाटली मी ओळखली. मंगळवारी त्याने ती नंदकिशोरच्या दुकानातून आणून माझ्याच टेबलावर ठेवली होती, बुधवारी नेमसिंग घेऊन जाईल म्हणून. दिवसभर ती माझ्या कीबोर्डच्या बाजूला होती. लेबल नाही, कंपनी नाही, काही नाही. काळ्या मार्करने नुसता आकडा लिहिलेला: ४.

ही आमच्याकडची रीत. दुकानदार मोठ्या कॅनमधून बाटल्या भरतो आणि वर आपले नंबर टाकतो. दोन नंबर मावा-तुडतुड्याला, तीन नंबर वाढीला, चार नंबर अळीला. शेतकरीही जाऊन "चार नंबर द्या" म्हणतो. बिलाच्या जागी कच्ची चिठ्ठी, तिच्यावरही आकडाच. आत काय आहे हे दुकानदाराला माहीत आणि देवाला माहीत. इतकी वर्षं यात कोणाला काही खटकलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही नाही.

मी बाटली नंदकिशोरच्या काउंटरवर आपटली. "चार नंबरमध्ये काय आहे?"

"काहून एवढ्या चिडून राह्यल्या म्याडम? बसा ना. पानी आनू?"

"पाणी नको. नेमसिंग यवतमाळला पडलाय. रसायनाचं नाव सांगा."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग दुकानदाराचं हसू परत आलं. "मले काय मालूम? माल वरून खुला येते. साधं अळीचंच आहे. थो उपाशी मारत असन फवारा. हे लोक हात बी धूत नाहीत."

"हे लोक" ऐकून माझी कानशिलं तापली. अवधूत पुढे झाला, त्याला मी हाताने थांबवलं. मारामारीत अर्धा तास घालवायला आमच्याकडे अर्धा तास नव्हता.

"बिल दाखवा मग. वरून आलेल्या मालाचं."

"बिलं सारी दिग्रसले हायेत, वकिलाकडं. उद्या मागवतो."

"उद्या? सरका. तुमच्या पुरवठादाराचं नाव सांगा, त्याच्या साइटवर यादी असेल, मी शोधते." मी काउंटरच्या आत घुसले. तो उठला, पण कॉम्प्युटरच्या आणि माझ्या मध्येच उभा राहिला. "म्याडम, नेट बंद आहे," म्हणाला. पडद्यावर कोपऱ्यात नेट चालू असल्याची खूण दिसत होती. मी त्याला खांद्याने बाजूला केलं. माझ्या बेचाळीस वर्षांत मी परक्या पुरुषाला असा धक्का पहिल्यांदा दिला.

कंट्रोल, एल. पट्टी निळी झाली. मला खरंच पुरवठादाराची साइट शोधायची होती. तो नाव सांगेना, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत 'फवारणी' लिहायला घेतलं, म्हटलं त्यावरून काहीतरी हाताला लागेल. तिसरं अक्षर पडलं आणि पट्टीखाली ओळी उघडल्या.

फवारणीनंतर डोळ्याने दिसत नाही. त्याच्याखाली फवारणी, पुढे एका रसायनाचं लांबलचक नाव, आणि पुढे विषबाधा. त्याच्याखाली तेच नाव आणि फवारणीवर बंदी आहे का. त्याच्याखाली पुन्हा तेच नाव, फवारणी, उतारा.

मी ते नाव इथे लिहीत नाही. कोणीतरी चिठ्ठीवर उतरवून तेच मागायला जाईल.

नंदकिशोरने काय शोधलं होतं ते त्याच्याच कॉम्प्युटरने माझ्यापुढे ठेवलं होतं, मी शिकवलेल्या पद्धतीने, शब्द मोजके, क्रम बरोबर. मी आधी डॉक्टरांना फोन लावला. नाव एकेक अक्षर करून सांगितलं, दोनदा. ते म्हणाले, "नक्की?" मी नंदकिशोरकडे बघून विचारलं, "नक्की?" त्याने खाली बघत मान हलवली. "नक्की," मी म्हटलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बरं झालं, मी चालू केलेलं थांबवतो," आणि फोन ठेवला.

मग मी कंट्रोल आणि एच दाबलं. शोधलेल्या सगळ्याची तारीखवार यादी उघडली. ते चारही शोध रविवारचे होते, दुपारचे. अवधूतला बाटली विकली मंगळवारी.

"रविवारी तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हेच मारून तांड्यावरच्या धरमसिंगच्या डोयाले तरास झालता म्हनून पाह्यलं म्याडम. सहज. त्यात पक्कं काही नव्हतं लिवलं." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "अर्धा कॅन पडून होता. फेकू काय मंग? साऱ्या दुकानात हेच चालू आहे, मी एकट्यानं काय केलं?"

मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते छापण्यासारखं नाही. समोरच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बाहेर आली. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. माझा घसा बसला तेव्हा तो जवळ आला आणि हळूच, क्लासमध्ये शंका विचारायचा तसाच, म्हणाला,

"म्याडम, एवढं पुसून द्या ना. कसं पुसते ते तुम्ही शिकवलंच नाही."

मी त्याच्या खुर्चीत बसले. अवधूतला म्हटलं, "पंचायत समितीतून कृषी अधिकाऱ्याला घेऊन ये. येत नसेल तर पोलिसांना आण. मी इथून उठत नाही." साडेतीन तास मी त्या खुर्चीत बसून होते. पाणीही प्यायले नाही त्याच्या दुकानातलं. शेवटी अधिकारी आला, पंचनामा झाला, कॉम्प्युटर आणि कॅन दोन्ही गेले, दुकानाला सील लागलं. गावभर झालं की सुचित्राबाईंनी तीन अक्षरांत नंदकिशोरला पकडलं. मी खोटं बोलणार नाही, मला ते ऐकायला बरं वाटायचं.

नेमसिंग बारा दिवसांनी घरी आला. जीव वाचला. उजव्या डोळ्याने आता बरं दिसतं, डाव्यापुढे मात्र धुकं राहिलं ते राहिलंच.

त्यानंतरच्या सोमवारी जमनी क्लासवर आली. बॅच सुटली होती. तिने माझ्यासाठी विटलेल्या फडक्यात बांधून भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. मी तिला खुर्ची दिली आणि सगळी हकीकत सांगितली. थोडी रंगवूनच सांगितली असेन. कॉम्प्युटर चालू करून पट्टीही दाखवली, तीन अक्षरं कशी टाकली तेही दाखवलं.

तिने नीट ऐकलं. मग पट्टीकडे बोट करून विचारलं, "म्हंजे हितं लिवलं की कोन्तं औषध कसं आहे थे सारं निंगते?"

"निघतं ना."

"कोनालेबी?"

"कोणालाही. फक्त नाव पाहिजे."

"नाव तं तुमी दुकानात जाऊन काढलंच." ती माझ्या टेबलाकडे बघत होती, कीबोर्डच्या बाजूला, जिथे बाटली होती. "मंग मंगळवारी काहून नाही गेल्या, बाई? शिशी तं हितंच होती. त्यानं हितूनच उचलली."

ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर मी उलट चिडले असते, मला ते जमतं. तिला खरंच उत्तर पाहिजे होतं. मी फडकं सोडून शेंगा डब्यात काढत राहिले. तिने फडकं घडी करून घेतलं आणि "जातो बाई, त्याच्या डोयात थेंब टाकाचे हायेत," म्हणून निघून गेली.

मी दार लावलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले. कंट्रोल, एल. त्याच शब्दाची तीच तीन अक्षरं टाकली. पट्टीखाली मी आधी शोधलेली एकही ओळ उघडली नाही. मग मी यादी उघडून त्या मंगळवारपर्यंत मागे गेले. त्या दिवशी मी दिग्रसच्या बाजारातला कापसाचा भाव शोधला होता, सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि क्लास बंद करताना पुन्हा एकदा.