आवळलेलं चाक

हिंगोलीजवळच्या गोरेगावात ग्यानबा सुताराच्या हातचं चाक कधी खुळखुळलं नाही, असं सगळे म्हणत आणि ग्यानबाही ते मान डोलावून ऐकून घेई. लाकडी चाकावर चढवायची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, लाल होईस्तोवर तापवायची, चढवायची आणि वर पाणी ओतायचं. थंड होताना ती चाकाला अशी करकचून धरते की बैल थकतील, पण चाक सैल पडणार नाही. ढिलं ते वाईट आणि आवळलेलं ते चांगलं, या एका शहाणपणावर त्याचा जन्म निघाला होता. बैलगाडीला ते पुरून उरत होतं, मग त्याला नावं कोण ठेवणार?

अडतीस साली व्यंकटराव देशमुखांनी हैदराबादहून फटफटी आणली. हौस दांडगी, पण देखभालीच्या नावानं बोंब. त्यांनी ती सरळ ग्यानबाच्या गळ्यात घातली. ग्यानबानं टायर दाबून पाहिलं, तर अंगठा आत गेला. पुढच्या चाकावर स्प्रिंग होती आणि तिचं उसळणं आवरायला बाजूला एक पेच होता. हँडलवर जोर दिला की गाडी मान खाली घाली. ग्यानबाला ते बघवेना. त्यानं पंपानं हवा ठासून भरली, पेच पार आवळून टाकला आणि गाडी खुंट्यासारखी ताठ उभी केली. हिंगोलीच्या खडीच्या सडकेवर ती हलकी पळाली. व्यंकटराव खूश झाले. हादरे फार बसतात, असं ते एकदा म्हणाले तेव्हा ग्यानबा हसला होता.

"मालक, मजबूत चीज हाय. हादरे तर बसणारच की."

त्यावर दोघांचंही समाधान झालं. माणसाला आपल्याच हातचं काम गोड लागतं, आणि मालकाला फुकटचं.

कार्तिकात ग्यानबाची लेक चतुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या, सकाळ उजाडली, तरी सुटका होईना. गोजरबाई सुईण घाम पुसत बाहेर आली.

"ग्यानबा, लेकरू आडवं हाय. आता माझ्या हातचं न्हाई. हिंगोलीच्या नर्सबाईला आणा, न्हाई तर लेकरू बी जाईल अन् पोरगी बी."

बैलगाडीनं जाऊन यायचं तर दुसरा दिवस उजाडला असता. व्यंकटरावांना कळलं तसे ते न बोलावता आले, फटफटीला लाथ मारली आणि धुरळा उडवत निघाले. ग्यानबानं त्या धुरळ्याला हात जोडले.

दुपार कलली, तरी फटफटीचा आवाज येईना. आतून लेकीचं कण्हणं ऐकवेना, म्हणून ग्यानबा वाटेनं चालू लागला. दोन कोसांवरच्या ओढ्यापाशी त्याला फटफटी दिसली. ती आडवी पडली होती. व्यंकटरावांचं कोपर रक्तानं माखलं होतं आणि नर्सबाई मातीतून पिशवीतलं सामान गोळा करत होत्या.

"काय झालं मालक?"

"पुन्हा पडलो, ग्यानबा. सडक सुटली तशी ही ऐकूनच न्हाई राहिली. मी वळवतो एकीकडं अन् ही जाते भलतीकडं. केव्हाचे आमी इथंच धडपडून राहिलो."

"मी आता हिच्यावर बसायची नाही," नर्सबाई म्हणाल्या. "चालत येते."

पावसाळ्यात गाड्यांनी काळ्या चिखलात पाडलेल्या चाकोऱ्या उन्हानं दगडासारख्या वाळल्या होत्या. सवयीनं ग्यानबाची नजर वरच्या धुळीत उमटलेल्या चाकाच्या खुणेवर गेली. बैलगाडीची खूण सुतासारखी सलग जाते. इथं वीतभर खूण होती, मग हातभर काहीच नाही, मग पुन्हा खूण. चाक निम्मी वाट हवेतच होतं. जे जमिनीवर टेकतच नाही ते वळणार कसं? बैलगाडीचं चाक उडालं तरी दिशा बैलांच्या खांद्यावर असते. फटफटीपुढे बैल नव्हते. तिच्या चाकालाच दबत, वाकत, जमिनीला धरून वाट काढायची होती. ग्यानबानं टायरवर अंगठा रोवला. ते तसूभरही दबेना.

तो खाली बसला आणि पुढच्या चाकातली हवा सोडू लागला.

"अरे, हे काय करून राहिलास?"

"सैल करून राहिलो, मालक. बाईंना बसवा."

अंगठा आत जाईपर्यंत त्यानं हवा सोडली. मागच्या चाकावर दोघांचा भार होता, म्हणून तिथली जरा कमी सोडली. मग पेच उलटा फिरवला. ढिलं करायची त्याच्या हातांना सवयच नव्हती. "बाई, पाया पडतो, एका अंगानं बसू नका," तो म्हणाला. नर्सबाईंनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि दोन्हीकडं पाय टाकून बसल्या. फटफटी चाकोरीत उतरली, मान खाली घालून पुन्हा वर आली आणि जमीन न सोडता ओढ्यापलीकडं गेली. ग्यानबाला हायसं वाटलं. पण ते क्षणभरच. एवढं सोपं होतं तर तो मघापासूनचा वेळ कोणी घालवला, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

तो घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. नर्सबाई अंगणात हात धूत होत्या.

"तुमची मुलगी वाचली, बाळ नाही. मुलगा होता. थोडं आधी पोचायला हवं होतं." त्यांच्या बोलण्यात कुणावर ठपका नव्हता.

बोलण्याइतकी ताकद आल्यावर चतुरानं बापाला जवळ बोलावलं. तिची नजर रिकाम्या कुशीवरून फिरून त्याच्या हातांवर थांबली.

"बा, मालकांनी समदं सांगितलं. वाटंत गाडी तुमी नीट केली म्हणून बाई येऊन पोचल्या. तुमच्या हातांनी वाचले मी."

तिनं तो हात घेऊन आपल्या गालाला लावला. ग्यानबाला तो काढूनही घेता येईना आणि तिथं ठेवताही येईना. तो हमसून रडू लागला. बाप नातवासाठी रडतोय असं समजून लेकच त्याची समजूत घालत राहिली.